शाशीच्या काकूंना पत्र

तीर्थस्वरूप काकूंस,
साष्टांग नमस्कार.

तुमची लेक हे पत्र फोनवर भाषांतर करून तुम्हाला वाचून दाखवेल आणि त्यात निम्मा मजकूर सांडेल, तरी मराठीतच लिहितेय. मनापासूनचे आभार मला दुसऱ्या भाषेत मानताच येत नाहीत. शिवाय चीनहून परतल्यापासून ‘कुठल्या टूर कंपनीबरोबर गेला होतात?’ असं इतक्या जणांनी विचारलंय की म्हटलं, एकदाच चारचौघांत सांगून टाकावं. कंपनी-बिंपनी काही नव्हती, युन्नान प्रांतातल्या शाशी गावच्या एक काकू होत्या.

ज्येनछुआनहून शेवटची छोटी गाडी पकडून आम्ही पोचलो, तर खोली जिथे ठरवली होती तिथे पासपोर्ट बघताच ‘परदेशी पाहुणे ठेवत नाही’ म्हणाले. आईचे गुडघे एव्हाना बोलायला लागले होते. दगडी गल्लीतून आमच्या बॅगांची चाकं खडखडत होती, त्या आवाजाने तुम्ही दार उघडलंत. परदेशी पाहुण्याची नोंद पोलिसांकडे चोवीस तासांत करावी लागते, ती कटकट नको म्हणून काही ठिकाणी नकार देतात, हे मागाहून कळलं. तुम्ही आधी आईच्या हातात गरम पाण्याचा पेला दिलात आणि मग चष्मा लावून दोन्ही पासपोर्टांतलं एकेक अक्षर फोनमध्ये भरत बसलात. आडनाव आधी की नाव आधी, यावरून तुमची आणि लेकीची चांगलीच जुंपली होती.

दुसऱ्याच दिवशी पुढे लीच्यांग शहराला निघायचं असं आमचं ठरलं होतं. निघालो नाही. आईने सकाळी चौकात खुर्ची टाकली आणि ‘तू जा कुठे जायचं तर’ म्हणाली. तुमच्या घराला तीन बाजूंनी खोल्या, चौथ्या बाजूला नुसती पांढरी भिंत. ती भिंत कशासाठी, ते दुपारी कळलं. मावळतीकडचं ऊन तिच्यावर पडून सगळ्या चौकात उजेड करतं. मुंबई-पुण्यात लाखो रुपये घेऊन अंधाऱ्या खोल्या बांधणाऱ्यांना एकदा तुमच्याकडे आणलं पाहिजे.

जेवणाची मला सगळ्यात जास्त भीती वाटत होती. युन्नानमध्ये साधी भाजीसुद्धा बऱ्याचदा डुकराच्या चरबीवर परततात आणि आई तर अंडंही खात नाही. पण तुम्हाला फार समजवावं लागलंच नाही. तुमच्या ‘बाइ’ नावाच्या तिथल्या समाजातल्या वयस्क बायका चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार पाळतात, त्यामुळे सोवळ्याओवळ्याची जाण होतीच. तुम्ही माळ्यावरून दुसरी कढई काढलीत, घासलीत, त्यात मोहरीसारख्या वासाचं तेल ओतलंत आणि वर विचारलंत, ‘लसूण चालतो ना? की तोही नको?’ लसूण नको म्हटलं असतं तर आईने मलाच घराबाहेर काढलं असतं.

आणि त्या बाकल्याच्या (फावा बीनच्या) शेंगा! एप्रिलमध्ये खोरंभर पिकणाऱ्या, आपल्या वालापेक्षा कितीतरी मोठ्या. उंबऱ्यावर बसून तुम्ही शेंगा फोडत होतात. प्रत्येक दाण्यावर आणखी एक जाड साल. आई जन्मभर डाळिंब्या सोलत आलेली. तिने न विचारता एक दाणा उचलला, टोकाशी नख लावलं, चिमटीत दाबला, हिरवागार गर टोपलीत आणि साल बोटात. तुम्ही तिच्याकडे पाहिलंत, टोपली दोघींच्या मध्ये सरकवलीत आणि नंतर तासभर कुणी बोललं नाही. त्या दाण्यांचा भात तुमच्याकडे हॅम घालून करतात. आमच्यासाठी हॅम गेला, बटाटा आला. तळाची खरपुडी तुम्ही आईच्याच ताटात वाढलीत.

शुक्रवारच्या बाजारात डोंगरावरच्या यी जमातीच्या बायका पाठीवर टोपल्या घेऊन उतरल्या होत्या. भाजीवाल्या आजीपासून सगळ्यांकडे क्यूआर कोड, आणि नेमकं आमचं पेमेंट अडकलेलं. प्रत्येक ठिकाणी पैसे तुम्ही भरलेत आणि वहीत टिपून ठेवलंत. दुधाचे पापुद्रे बांबूच्या काड्यांवर गुंडाळून वाळवतात, ते निखाऱ्यावर फुलवून गुलाबाचा गुलकंद लावून दिले, तेही त्या वहीत.

शिझोंग डोंगरावरची लेणी आईला बघता आली, तीही तुमच्यामुळेच. पाऊलवाटेने चढणं तिला शक्य नव्हतं. तुम्ही भाच्याला गाडी घेऊन पाठवलंत आणि कुठल्या पायऱ्या चढायच्या, कुठल्या सोडायच्या ते त्याला बजावलंत. या भागातल्या जुन्या नानचाव आणि दाली राजवटींतलं, नवव्या शतकापासूनचं कोरीवकाम आहे ते. राजे, मंत्री, बुद्ध, आणि एका लेण्यात बुद्धमूर्तींच्या ओळीत चक्क योनीशिळा, तेल लावून लावून काळी पडलेली. बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून बायका तेल लावतात, हे सांगताना भाचा लाजून आभाळाकडे बघत होता. आई म्हणाली, ‘अगं, ही तर आपली लज्जागौरी!’ आणि हात जोडले.

बाकीचं शाशी तसं कुणालाही सापडेल. तांबड्या दगडांचा चौक, त्यात १४१५ सालचं शिंगज्याव मंदिर, समोर नाटकाचा मंच. चहा तिबेटकडे आणि घोडे इकडे, अशा व्यापारवाटेवरचा हा बाजार मोडकळीला आला होता. २००२ च्या वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाच्या, धोक्यात आलेल्या जुन्या वास्तूंच्या यादीत त्याचं नाव गेलं आणि झुरिकच्या तंत्रविद्यापीठाने स्थानिकांबरोबर तो दुरुस्त केला. आता कॉफीची दुकानं जरा जास्तच झालीत. पण दुपारच्या गाड्या परतल्या की हेइहुई नदीवरच्या कमानी पुलावर आम्ही दोघी आणि कुणाची तरी खेचरं, एवढेच उरायचो.

निघताना तुम्ही वही उघडलीत. अळिंबी, गुलकंद, गाडीचं पेट्रोल, सगळं होतं. जेवणाची ओळ कुठेच नव्हती. विचारलं, तर तुम्ही आईकडे बोट दाखवून म्हणालात, ‘शेंगा कुणी सोलल्या?’

आता आईचा निरोप. वाल पाठवायचे होते, पण कस्टमवाले बियाणं सोडत नाहीत. तेव्हा डाळिंब्यांची उसळ तुमच्याच दाण्यांची करून बघा. तेलात मोहरी, जिरं, हळद, तिखट. दाणे घालून झाकणावर पाणी ठेवून मंद शिजवा, ढवळून मोडू नका. गुळाऐवजी तुमची तांबडी साखर चालेल. आंबटाला काय घालायचं ते तुम्हीच ठरवा, आणि ओलं खोबरं मिळालं तर वरून. हॅम घालू नका.

तुमची,
पुण्याची पाहुणी