जखम भरली, पण कोपर सरळ झाले नाही

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत घरगुती उपायांचे सदर येते. त्यात पोळलेल्या जागी कच्च्या बटाट्याचा कीस किंवा टूथपेस्ट लावावी, म्हणजे आग थांबते आणि वणही राहत नाही, असा सल्ला वाचला, म्हणून हे पत्र लिहीत आहे. आग क्षणभर थांबल्यासारखी वाटते हे मी नाकारत नाही. ते मी अनुभवानेच सांगते, कारण दोन वर्षांपूर्वी माझ्या चार वर्षांच्या नातीच्या हातावर टूथपेस्ट थापणारी मीच होते. वण मात्र राहिला, आणि तो नुसता दिसण्यापुरता राहिला नाही.

श्रावणातली सकाळ होती. उकड्या तांदळाच्या पेजेचा टोप चुलीवरून उतरवून मी उंबऱ्याशी जमिनीवर ठेवला होता. वाडगा घेऊन आलेली नात टोपाच्या काठावर रेलली आणि टोप कलंडून पेज तिच्या उजव्या हातावर गेली. पावसाळी गारवा म्हणून तिच्या अंगात स्वेटर होता. पेज पाण्यासारखी ओघळून जात नाही. तिच्यातल्या पिठाळपणामुळे ती कातडीला चिकटून बसते आणि उष्णता धरून ठेवते. त्यात कोपराच्या घडीत स्वेटरची लोकर पेजेने चिंब झाली होती. मी तांब्या उचलला, तेवढ्यात शेजारीण धावत आली आणि ओरडली, ‘पाणी घालू नको गो, फोड येतले!’ मी तांब्या खाली ठेवला. स्वेटर उतरवायला आणखी काही मिनिटे गेली, त्यानंतर टूथपेस्ट, त्यानंतर रिक्षाची शोधाशोध. रुग्णालयात परिचारिकेने सुकलेली पेस्ट भिजवून भिजवून काढली, त्या वेळचे रडणे पेज सांडली तेव्हाच्या रडण्यापेक्षा मोठे होते.

पाण्याने फोड येतात ही समजूत आपल्याकडे घरोघरी आहे. वस्तुतः उष्णतेने कातडीखालच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या सैल होऊन त्यांतील द्रव झिरपतो आणि कातडीच्या दोन थरांमध्ये साचतो, तोच फोड. पाणी घातले तरी तो येणार आणि न घातले तरी येणार; फरक पडतो तो उष्णता किती खोलवर उतरते यात. भांडे दूर झाले तरी कातडीत शिरलेली उष्णता काही काळ आत काम करीतच असते. म्हणून पोळलेला भाग वाहत्या, साध्या गार पाण्याखाली सलग 20 मिनिटे धरावा, असे आज वैद्यकशास्त्र सांगते. ताबडतोब जमले नाही तरी पहिल्या तीन तासांत केलेल्या या उपायाचा उपयोग होतो. नळ नसेल तर विहिरीचे पाणी तांब्याने ओतत राहावे. मूल लहान असेल तर बाकीचे अंग पांघरुणात ठेवावे, नाहीतर ते गारठते. बर्फ लावू नये, कारण त्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि आधीच दुखावलेल्या पेशींना रक्त मिळेनासे होते. भिजलेला कपडा, बांगड्या, अंगठी हे सगळे सूज चढण्याआधी उतरवावे. मात्र कपडा कातडीला चिकटून बसला असेल तर तो ओढू नये, भोवतीने कापावा. हळद, पेस्ट, शाई, तूप यांनी जखम झाकली जाते आणि ती किती खोल आहे हे डॉक्टरांनाही नीट दिसत नाही. बटाट्याच्या किसाने उघड्या जखमेत जंतू जाण्याचीच भीती अधिक. हळदीचा मला राग नाही. तिची जागा आमटीत आहे.

जखमेच्या खोलीवर मी एवढा भर देते, कारण वण पडणार की नाही हे मुख्यतः तिच्यावरच ठरते. माझ्या नातीच्या एकाच हातावर, एकाच पेजेने, दोन वेगवेगळ्या गोष्टी घडलेल्या मी पाहिल्या. मनगटापासून वरचा उघडा भाग लालबुंद झाला, फोड आले, फुटले, हात लावला की ती किंचाळत असे. पण तो भाग बारा-तेरा दिवसांत भरला आणि आज तिथे रंगाचा किंचित फरक सोडल्यास काही दिसत नाही. याउलट कोपराच्या घडीतला, स्वेटरखाली राहिलेला तुकडा पहिल्या दिवशी फारसा वेगळा दिसला नव्हता. तिसऱ्या दिवशी पट्टी सोडली तेव्हा तो पांढरट पडलेला होता आणि तिथे ती फारसे दुखतही नाही म्हणत होती. दुखत नाही हे ऐकून आम्हांला हायसे वाटले. हा आमचा अडाणीपणा. खोल जखमेत वेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंची टोकेच जळालेली असतात, म्हणून ती कमी दुखते. पोळल्याची खरी खोली पुष्कळदा दोन-तीन दिवसांनीच उमगते, त्यामुळे पहिल्या दिवशी ‘वरवरचे आहे’ असे सांगितले गेले तरी तिसऱ्या दिवशी पुन्हा दाखवणे आवश्यक असते.

कातडी भरून येते ती मुख्यतः अंतस्त्वचेत, म्हणजे कातडीच्या आतल्या थरात, रुतलेल्या केसांच्या मुळांपासून आणि घर्मग्रंथींच्या नळ्यांपासून. वरचा थर गेला तरी ही मुळे शाबूत असतील, तर त्यांच्या कडेच्या पेशी पसरत जाऊन दहा ते चौदा दिवसांत नवे आवरण तयार करतात. मुळेच नष्ट झाली, तर आवरण फक्त जखमेच्या कडांकडून आत सरकू शकते. त्याला आठवडे लागतात, आणि तोवर शरीर ती जागा कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांनी घाईघाईने भरून काढते. हे धागे निरोगी कातडीतल्यासारखे विणलेले नसतात. ते दाट असतात आणि भराव्याची जागा आकसत जाते. म्हणूनच तीन आठवड्यांत न भरणाऱ्या जखमेवर जाड, उंचवट्याचा वण येण्याचा धोका मोठा असतो, आणि अशा जखमेसाठी त्वचारोपण करावे का, याचा निर्णय प्लास्टिक सर्जनने वेळीच घ्यायचा असतो. आमची कोपराची जखम भरायला पाच आठवडे लागले. आम्हांला कोणी कुठे पाठवले नाही, आणि आम्हीही विचारले नाही. शेवटची पट्टी काढताना ‘आता बरी झाली’ एवढेच सांगण्यात आले.

माझी तक्रार खरे तर इथून सुरू होते. जखम भरते त्या दिवशी वण तयार होण्यास जेमतेम सुरुवात झालेली असते. दुसऱ्या महिन्यात कोपराच्या घडीतली कातडी लाल, टणक आणि दोरीसारखी वर येऊ लागली. रात्री ती इतकी खाजे की मूल झोपेत ओरबाडून रक्त काढी. आपल्या दमट हवेत ते आणखी वाढते, कारण अशा वणात घर्मग्रंथी राहिलेल्या नसतात, तिथे घाम येत नाही आणि भोवतालच्या कातडीवर मात्र घामाच्या धारा लागतात. शिवाय जखम ओली असताना तिला बरे वाटावे म्हणून मी ओढणीची झोळी करून हात दुमडून गळ्यात अडकवून दिला होता. पोळलेल्या माणसाला ज्या स्थितीत आराम वाटतो, नेमक्या त्याच स्थितीत सांधा आखडतो, हे मला चार महिन्यांनी गोव्यात बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात गेल्यावर कळले. कोपर सरळ ठेवून पट्टी बांधायला हवी होती, रात्री कोपर ताठ ठेवणारी खपाटी लावायला हवी होती आणि दिवसातून अनेकदा हात हलवायला लावायचा होता. एवढे एक वाक्य कोणी वेळेवर बोलले असते, तर!

तिथे मिळालेले उपाय साधे, पण चिकाटीचे होते. वणावर सिलिकॉन जेलची पट्टी, त्यावर मापाने शिवलेली घट्ट लवचीक बाही दिवसाचे तेवीस तास, आंघोळीपुरती ती काढायची. दिवसातून तीन-चार वेळा खोबरेल तेलाने अंगठ्याने दाबून मालिश आणि त्यानंतर कोपर ताणण्याचा व्यायाम. खाजेसाठी औषध दिले. बाहीचे दोन जोड लागतात, एक अंगात आणि एक दोरीवर. पावसाळ्यात ती लवकर वाळत नाही म्हणून मी एकदा चुलीशी धरली, तर तिचा ताणच गेला; तेव्हापासून पंख्याखाली वाळवते. दोन-तीन महिन्यांत लवचीकपणा आपोआपही कमी होतो आणि मूलही वाढते, म्हणून पुन्हा माप, पुन्हा प्रवास. वणाचा लाल रंग उतरून तो मऊ व्हायला वर्ष ते दोन वर्षे लागतात, आणि तोवर त्यावर ऊन पडू द्यायचे नाही, नाहीतर तो काळपट होऊन तसाच राहू शकतो. समुद्रकाठी राहणाऱ्या मुलीला हे सांगणे सोपे, पाळायला लावणे कठीण.

आहाराविषयीही दोन शब्द लिहिणे भाग आहे. मासळीने पू होतो, अंड्याने जखम चिघळते, आंबट चालत नाही, अशी पथ्ये आमच्याकडे ज्येष्ठांनी कडक पाळायला लावली आणि जखम भरण्याच्या ऐन दिवसांत त्या मुलीला पेज आणि मीठ यांवर ठेवले. नवी कातडी बनायला प्रथिने लागतात, कोलॅजन बनायला क जीवनसत्त्व लागते. ज्या किनाऱ्यावर बांगडा दारात येतो आणि आवळा परसात असतो, तिथे पोळलेल्या मुलाला या दोन्हींपासून तोडण्याइतके उफराटे पथ्य दुसरे नसेल.

आज कोपर बरेच सुटले आहे, पण पूर्ण सरळ होत नाही. फुगडी घालताना हात ताठ करावे लागतात, तेव्हा ती उजव्या बाजूला जरा कलते. वण अंगाबरोबर वाढत नाही, त्यामुळे तिची उंची वाढेल तशी ही जागा पुन्हा ओढली जाईल आणि कदाचित शस्त्रक्रिया करून ती मोकळी करावी लागेल, असे आम्हांला सांगितले आहे.

सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी या दोन्ही जिल्ह्यांत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तिथे आठवड्यातून एक दिवस पोळलेल्या-भाजलेल्या रुग्णांच्या वणांसाठी ठेवावा, जवळच बाहीचे माप घेण्याची सोय व्हावी, आणि ग्रामीण रुग्णालयांनी तीन आठवड्यांत न भरलेली किंवा सांध्यावरची प्रत्येक जखम तिकडे धाडावी, ही आरोग्य खात्याला विनंती आहे. शेवटची पट्टी काढताना हातात एक छापील कागद द्यायला तर फार खर्चही येणार नाही. आशाताई घरोघरी जातातच. वीस मिनिटे पाणी घालण्याची गोष्ट त्यांच्याइतकी चांगली कोणी समजावू शकणार नाही, कारण माझ्या शेजारणीने माझे ऐकले नसते, त्यांचे ऐकले असते.

आपल्याला विनंती एवढीच की त्या सदरातील सल्ल्याची दुरुस्ती त्याच जागी, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावी, आणि ती चतुर्थीच्या आधी छापावी. त्या दिवसांत चाकरमानी मुलाबाळांसह येतात, एकेका घरात वीस-पंचवीस माणसे असतात, मोदकांची पात्रे आणि आंघोळीच्या पाण्याचे हंडे पहाटेपासून चुलीवर चढलेले असतात, आणि उतरवलेला टोप ठेवायला जमिनीशिवाय जागा उरत नाही.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग