बालविभाग संपला, आता पुढचे पुस्तक कोणते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्टी तोंडावर आली की वर्तमानपत्रांतून ‘मुलांनी वाचावीत अशी पुस्तके’ या मथळ्याच्या याद्या येऊ लागतात. आठ-दहा वर्षांच्या मुलांना त्या पुरतात. पंचाईत होते ती तेरा ते सोळा वयाच्या, आठवड्याला तीनशे पाने सहज संपवणाऱ्या मुलामुलींची. वाचनालयातल्या बालविभागाचे कपाट त्यांनी सहावीतच फस्त केलेले असते आणि मोठ्यांच्या कपाटातले काय घ्यावे हे सांगायला कोणी नसते. देवघेव टेबलावरून एखादी जाडजूड ऐतिहासिक कादंबरी पुढे सरकवली जाते, घरचे लोक ‘यशाचे मंत्र’ छापाचे काहीतरी आणतात, आणि सहा महिन्यांनी ‘हिचे वाचन सुटले, सगळा मोबाइलचा दोष’ अशी तक्रार कानावर येते. मोबाइलचा दोष आहेच, पण निवडीचाही आहे. निवडीबद्दल चार गोष्टी लिहितो.

वाचण्याची ताकद आणि जगण्याचा अनुभव यांची मापे वेगवेगळी आहेत. तेरा वर्षांच्या पट्टीच्या वाचकाला भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ कादंबरीची भाषा मुळीच अडत नाही. तिचा नायक सांगवीकर, त्याचे बोलणे या वाचकाला मजेशीरही वाटेल. पण घर सोडून दुसऱ्या शहरात शिकायला गेल्यावर येणारे रितेपण त्याने अजून पाहिलेले नसते. तेच पुस्तक सोळा-सतराव्या वर्षी, अकरावी-बारावीत हाती पडले तर रात्र जागवते. लवकर दिले तर ‘वाचले, काही विशेष नाही’ असा शिक्का बसतो, आणि एकदा बसलेला शिक्का निघत नाही. म्हणून पुस्तक किती अवघड आहे हे पाहण्याआधी त्यातला पेच या वयाला कळणारा आहे का, हे पाहावे. न्याय-अन्याय, मैत्री, घराशी भांडण, एकटे पडणे, पहिल्यांदा अंगावर आलेली जबाबदारी या गोष्टी या वयाला नेमक्या कळतात. मध्यमवयीन माणसाचा पश्चात्ताप कळत नाही, मग तो कितीही सोप्या शब्दांत लिहिलेला असो.

हे धरून चालले तर मोठ्यांच्या विभागातलीच कितीतरी पुस्तके या मुलांची निघतात. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) घ्या. कोवळ्या वयाचा मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो, पोरे मेंढरांमागे आणि शाळा ओस. जबाबदारी अंगावर पडलेल्या पोराचीच ती गोष्ट आहे, शिवाय छोटी आहे. माडगूळकरांचीच ‘सत्तांतर’ वानरांच्या टोळ्यांमधल्या सत्तेच्या झगड्यावर आहे. प्राण्यांवरचे माहितीपट पाहणारी मुले ती एका दमात वाचतात आणि त्यात माणसे दिसतात का, यावर वाद घालतात. ‘रणांगण’ (१९३९) ही दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर युरोपातून निघालेल्या बोटीवरची कथा. दुसरे महायुद्ध आवडीने वाचणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाला मराठीत असे काही आहे याचाच पत्ता नसतो. ‘शाळा’ (२००४) तर आणीबाणीच्या काळातल्या नववीच्या वर्गाचीच कादंबरी आहे. तिच्यातल्या शिव्या आणि प्रेमप्रकरण पाहून पालक दचकतात. नववीतली मुले दचकत नाहीत.

कोणते पुस्तक द्यायचे हे ठरवायची एक रीत सांगतो. ‘तुला कोणते विषय आवडतात?’ असे विचारू नये. त्याला उत्तर येते ‘काहीही’. ‘शेवटचे कोणते पुस्तक जेवताना बाजूला ठेवले नाहीस?’ असे विचारावे. त्या पुस्तकात नेमके काय ओढत होते, कोडे, जागा, एखादे पात्र, की सांगणाऱ्याचा मिश्किलपणा, हे दोन-तीन प्रश्नांत कळते. मग त्याच ओढीची, एक पायरी वरची तीन पुस्तके पुढ्यात ठेवावीत. एकच ठेवले तर तो गृहपाठ वाटतो, दहा ठेवली तर निवड होत नाही. प्रत्येकातले मधले कुठले तरी, समजा चाळिसावे पान उघडून सलग तीन पाने वाचायला सांगावे. पहिल्या पानावरून अंदाज फसतो, कारण जुन्या मराठी कादंबऱ्या सुरुवातीला रेंगाळतात. तीन पानांनंतर मुलाने स्वतःहून चौथे उलटले तर ते पुस्तक घरी न्यावे. पन्नास पानांपर्यंत पकड आली नाही तर परत करावे, कारण विचारू नये.

पायऱ्या कशा चढतात त्याची उदाहरणे देतो. फास्टर फेणे आणि सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलूदा संपवलेल्या मुलाला भालबा केळकरांच्या मराठीतला शेरलॉक होम्स द्यायला हरकत नाही, पण तिथे थांबू नये. कोड्याची ओढ असलेली मुले रत्नाकर मतकरींच्या गूढकथांकडे सहज वळतात, आणि मतकरी पचले की जी. ए. कुलकर्णींच्या कथांचे दार किलकिले होते. कारण भीती भुतात नसून माणसात आहे, हे मतकरींनी आधीच पटवलेले असते. जी. ए. थेट दिले की मुले दमतात. जंगलाची ओढ असेल तर राम पटवर्धनांनी अनुवादलेले ‘पाडस’ आधी. मूळ कादंबरी १९३८ ची, फ्लोरिडाच्या रानातली. तेराव्या वर्षी वाचली तर शेवट जन्मभर लक्षात राहतो. तिच्यामागून जी. एं.नी मराठीत आणलेली कॉनरॅड रिक्टरची तीन पुस्तके, ‘रान’, ‘शिवार’, ‘गाव’, याच क्रमाने. मग मारुती चितमपल्लींची रानावरची पुस्तके, आणि भाषेची गोडी लागली असेल तर दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’. ते सलग वाचायचे नाही. एका महिन्याला एक प्रकरण, त्या त्या महिन्यात.

इतिहासाच्या बाबतीत तर फार गफलत होते. ‘एवढा वाचतो, इतिहास आवडतो’ म्हणून एकामागून एक आठशे पानी कादंबऱ्या दिल्या जातात आणि मुलाला कादंबरी म्हणजेच इतिहास वाटू लागतो. कादंबरी जरूर द्यावी, पण तिच्या जोडीला त्या काळातल्या माणसाने स्वतः लिहिलेले काही द्यावे. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ यासाठी नामी आहे. दानदक्षिणेच्या आशेने कोकणातल्या वरसईहून उत्तरेला गेलेला भिक्षुक १८५७ च्या धामधुमीत सापडतो, झाशीच्या वेढ्यात अडकतो आणि जे दिसले ते लिहितो. आवृत्ती मात्र पाहून घ्यावी. चिं. वि. वैद्यांनी १९०७ साली छापलेल्या पुस्तकात त्यांनी बरीच काटछाट आणि फेरफार केले होते. मूळ मजकूर दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली प्रसिद्ध केला. दोन्ही मिळाल्या तर चौकस मुलाला शेजारी शेजारी ठेवून पाहू द्याव्यात, संपादक काय काय करू शकतो हे कळते! त्यानंतर नंदा खरे यांची ‘अंताजीची बखर’. अंताजी काल्पनिक आहे, बखरीचा थाट घेऊन बखरीचीच फिरकी घेतो. इतिहासाकडे बघायची नजर बदलते, पण ही पंधराच्या पुढेच द्यावी.

विज्ञान आवडणाऱ्यांना जयंत नारळीकरांच्या कथा माहीत असतात. त्यांचे आत्मचरित्र ‘चार नगरांतले माझे विश्व’ आहे हे अनेकांना माहीत नसते. त्यातला केंब्रिजचा भाग आधी वाचला तरी चालतो. महाभारत लहानपणी गोष्टीरूपाने झालेले असेल तर इरावती कर्वे यांचे महाभारतावरचे ‘युगान्त’ चौदाव्या वर्षीही चालते, कारण प्रत्येक लेख सुटा आहे आणि इरावतीबाई वाचकाला वाद घालायला लावतात. गोष्ट माहीत नसेल तर मात्र आधी ती.

इंग्रजी माध्यमातल्या मुलांचा एक वेगळाच घोटाळा असतो. इंग्रजीत आठवड्याला पुस्तक संपवणारा मुलगा मराठीला ‘बोअर’ म्हणतो तेव्हा पालकांना वाटते शब्द अडतात. खरी अडचण वेगाची असते. त्याचे डोळे देवनागरीतले जोडाक्षर अजून फोडून वाचत असतात, त्यामुळे पाच मिनिटांचा प्रसंग त्याला पंधरा मिनिटे पुरतो आणि रंग ओसरतो. त्याला कादंबरी देऊ नये. दहा-बारा दिवस रोज पंधरा-वीस मिनिटे सुटी व्यक्तिचित्रे किंवा कथा द्याव्यात, ज्यात संवाद भरपूर आहेत. पहिली चार-पाच पाने कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवावीत, म्हणजे बोलीचा सूर कानात बसतो. माणदेशी, कोकणी किंवा प्रकाश नारायण संतांच्या लंपन या मुलाच्या पुस्तकांतली बेळगावकडची कानडी वळणाची बोली कानाने आधी कळते, डोळ्याने नंतर. लंपनची चार पुस्तके ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’ या क्रमाने द्यावीत. सरावासाठी बालभारतीच्या ‘किशोर’चे १९७१ पासूनचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट आहेत. जुन्या अंकांची भाषा आजच्यापेक्षा भारी आहे, हे माझे मत.

अनुवाद घेताना आतले पान उघडून पाहावे. मूळ पुस्तकाचे नाव, मूळ लेखक आणि अनुवादक, तिन्ही छापलेले नसतील तर पुस्तक परत ठेवावे. ‘संक्षिप्त’, ‘रूपांतर’, ‘स्वैर अनुवाद’ हे शब्द बारीक अक्षरात असतात. नवव्या वर्षी संक्षिप्त आवृत्ती ठीक. तेराव्या वर्षी तीच दिली तर चांगल्या वाचकाला ते लगेच कळते आणि त्याला तो अपमान वाटतो. उलट टोकाची चूकही होते. अरबी सुरस कथा म्हणजे मुलांच्या गोष्टी, असे समजून रिचर्ड बर्टनने इंग्रजीत आणलेल्या सोळा खंडांचा गौरी देशपांडे यांनी केलेला अनुवाद घरी आणला जातो. तो मोठ्यांसाठीच आहे. दया पवारांच्या ‘बलुतं’सारखे आत्मकथन मी पंधरा-सोळाच्या मुलांना द्यावे असेच म्हणेन, पण घरातल्या एकाने ते आधी वाचलेले असावे, कारण प्रश्न येतात आणि ते टाळता येत नाहीत. पाने चिकटवून ठेवण्याचा उद्योग कोणी करू नये. ती पाने आधी वाचली जातात.

आता वाचनालयांविषयी, म्हणजे आम्हा ग्रंथपालांविषयीच. अनेक ठिकाणी बाल वर्गणीदाराला मोठ्यांच्या विभागातले पुस्तक देत नाहीत. पालकाच्या नावाने साधी वर्गणी भरून मुलाला कार्डावर पाठवणे हा सरळ मार्ग. ‘अमक्या पाल्यास पुस्तके द्यावीत’ अशी सहीची चिठ्ठी दिली की ग्रंथपालालाही बळ येते. वाचकाला कपाटापर्यंत जाऊ न देणाऱ्या वाचनालयात नुसते ‘काहीतरी चांगले द्या’ म्हटले तर समोरचे, नुकतेच परत आलेले पुस्तक मिळते. नाव, लेखक आणि जमल्यास दाखल क्रमांक (वाचनालयाने त्या प्रतीला दिलेला नंबर) लिहून न्यावा, पहिले बाहेर असेल तर दुसरे-तिसरे नाव त्याच चिठ्ठीवर असावे. जुनी प्रत घेताना शेवटची दहा पाने मोजून घ्यावीत. रहस्यकथेचे शेवटचे पान फाटलेले असणे यासारखा छळ नाही.

ग्रंथपालांना यासाठी वेगळा निधी लागत नाही. मोठ्यांच्या विभागातली साठ-सत्तर पुस्तके काढून बालविभागाबाहेर एक उघडा रॅक मांडावा. त्यावर ‘कुमार’ असे लिहू नये, त्या पाटीखाली चौदा वर्षांचा मुलगा उभा राहत नाही. दर तीन महिन्यांनी दहा-बारा पुस्तके बदलावीत. मागच्या पानावर एक कोरी चिठ्ठी चिकटवावी, वाचणाऱ्याने एक ओळ लिहायची. पुढच्या मुलाला ग्रंथपालापेक्षा त्या ओळीचा भरवसा जास्त असतो.

आणि आपल्या वर्तमानपत्राला एक विनंती. पुढची यादी छापाल तेव्हा प्रत्येक नावापुढे प्रकाशक, पानांची संख्या, पुस्तक सध्या बाजारात आहे की फक्त वाचनालयात मिळेल, आणि ‘हे आवडले तर पुढे कोणते’ एवढे द्यावे. मराठी पुस्तकाची आवृत्ती संपली की वर्षानुवर्षे निघत नाही. पुण्यात पुस्तकांच्या दुकानांच्या अप्पा बळवंत चौकात चार दुकाने फिरून रिकाम्या हाताने परतलेले मूल दुसऱ्यांदा त्या यादीकडे पाहत नाही.

आपला,
सार्वजनिक वाचनालयातील एक ग्रंथपाल