सुध्याला पत्र: प्रेस डबल मारली

प्रिय सुध्या,

मंगळवारी दुसऱ्या शिफ्टला पत्र्याचे नग ठोकणारी आमची 50 टनी प्रेस डबल मारली. घरी हे कोणाला कळत नाही आणि मालकाला अर्धंच कळलं, म्हणून तुला लिहून राहिलो. इतके महिने पत्र नाही म्हणून शिव्या दे, पण शेवटपर्यंत वाचून मग दे.

पोरगं उमरेडकडचं, नवीन. एक स्ट्रोक झाला, त्यानं बटण सोडलं आणि रॅम, म्हणजे वरून ठोका मारणारा भाग, आपोआप परत खाली आली. त्या क्षणी जॉब काढायला त्याचा हात खालच्या साच्यात, डायमध्येच असायचा. नव्हता, कारण हेल्परनं तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यासाठी हाक मारली आणि तो वळला. सारी शिफ्ट म्हणते, खर्ऱ्यानं बोटं वाचवली. तूही हसशील. मला मात्र रात्रभर नानाचा प्रेसखाली सापडलेला हात दिसत होता.

क्लच मी स्वतः उघडला. लॅचची स्प्रिंग मेलेली. फ्लायव्हीलला शाफ्टशी जोडणाऱ्या चावीला फेऱ्याअखेर सोडवायला लॅच समोर आलीच नाही आणि फ्लायव्हीलनं रॅमला दुसरा फेरा मारायला लावला. वर दोन बटणांपैकी डाव्या बटणात पुठ्ठ्याची घडी कोंबलेली! एका हातानं प्रेस चालते, दुसरा हात डायमध्ये मोकळा. हे मालकानं नाही, पोरांनीच केलं. नगावर पैसे मिळतात ना. पुठ्ठा काढला तर तीच पोरं माझ्यावर तोंड फुगवून बसली. त्यांना काय बोलू? घरभाडं, गाडीचा हप्ता, सारं त्या नगांवर आहे. दर वाढवा म्हणून मी ठेकेदाराशी भांडलो, तो "पाहू" म्हणाला.

आता खरी काळजी ऐक. मालक सेन्सर आणतो म्हणतो, हात गेला की प्रेस थांबवणारा तो उजेडाचा पडदा. मनानं चांगला माणूस आहे, खर्चालाही तयार आहे. पण सुध्या, आपली चावीच्या (की) क्लचची प्रेस! चावी एकदा गुंतली की पूर्ण फेरा घेऊनच सुटते. फ्रिक्शन क्लच असता तर रॅम मधेच थांबली असती. इथं सेन्सर ओरडेल आणि रॅम खालीच येईल. पडद्याच्या भरवशावर पोरं आणखी बिनधास्त हात घालतील, ही भीती मला खाऊन राहिली. डबल मारली तर दोन बटणंही कामाची नाहीत. डायभोवती बोट शिरणार नाही असा पक्का गार्डच पाहिजे, ब्लँक, म्हणजे पत्र्याचा तुकडा, सरकवायला चिमटा किंवा घसरपट्टी पाहिजे.

1948 च्या कारखाने कायद्याचं 21 वं कलम मास्तरांनी आपल्याकडून घोकून घेतलं होतं: धोक्याच्या भागाला कुंपण. त्यावरूनच आपलं ते भांडण झालं. तू म्हणायचास, आंधळा गार्ड पोरं काढून फेकणारच, डाय दिसली पाहिजे. मी म्हणायचो, काढणाऱ्याला घरी पाठवा. मारबतीच्या मिरवणुकीपर्यंत तू बोलला नव्हतास, आणि बडग्याच्या पुतळ्यासमोर नाचताना माझ्याच पायावर पाय दिलास! तो डाय दिसणारा, सळयांचा गार्ड तू तिकडे पुण्याला बसवलास म्हणे. त्याचं ड्रॉइंग पाठव. डायपासून किती अंतरावर किती फट ठेवलीस, ते हातानं लिही. डाय बदलताना पोरं तो कितीदा काढतात, तेही खरं खरं सांग.

मालकाला मी सांगून टाकलं, गार्ड लागेपर्यंत ती प्रेस बंद. मेन स्विचला कुलूप लावलं, चावी माझ्या खिशात आहे. ऑर्डर अडकली, रोज दोन फोन येतात. येऊ दे.

आईचे गुडघे तसेच, माझं बीपी ठीक. वहिनीची बदली झाली का? पोरीच्या दहावीचं काय ते कळव, नागपूरला आणशील तेव्हा संत्री माझ्याकडून. ड्रॉइंग मात्र आधी पाठव, फॅब्रिकेटर सोमवारी येणार आहे.

तुझा,
दिल्या