वेस्टमोरलँडला जाऊन आलो त्याबद्दल

ती. आप्पा आणि आई,
सा. नमस्कार.

फोनवर धड सांगून होत नाही, मध्येच आई "जेवलास काय?" सुरू करते, म्हणून लिहितोय.

इथे अमेरिकेत सध्या सगळीकडे 250 चं वारं आहे. 4 जुलै 1776 ला यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं त्याला यंदा 250 वर्षं, त्यामुळे दुकानं, बँका, पेट्रोलपंप, जिथे तिथे झेंडे. शहरातली गर्दी नको म्हणून आम्ही व्हर्जिनियातल्या वेस्टमोरलँड काउंटीत गेलो, काउंटी म्हणजे आपला तालुका समजा, पोटोमॅक नदीच्या काठाला, नुसता मका नि सोयाबीन, आणि माँट्रॉस हे मुख्य गाव तर आलं कधी नि गेलं कधी कळतच नाही. पण आप्पा, एवढ्याशा जागेत जॉर्ज वॉशिंग्टन जन्मला (1732), पाचवा राष्ट्राध्यक्ष जेम्स मन्रो जन्मला (1758), आणि जाहीरनाम्यावर सही करणारे दोन ली बंधूही इथल्याच स्ट्रॅटफर्ड हॉलचे. त्यातल्या रिचर्ड हेन्री लीनेच 7 जून 1776 ला स्वातंत्र्याचा ठराव मांडला. त्याच्या दहा वर्षं आधी, 1766 ला, लीड्सटाउनला शंभरावर लोकांनी इंग्रजांच्या स्टॅम्प टॅक्सविरुद्ध सह्या केल्या होत्या, त्यातही हा पुढे होताच.

वॉशिंग्टनच्या जन्माचं मूळ घर 1779 ला जळलं. आता जे विटांचं घर दाखवतात ते 1931 चं, मूळ घर कसं होतं हेच कुणाला ठाऊक नाही म्हणून अंदाजाने बांधलेलं. शेजारी एका जुन्या घराचा पाया सापडला तो जमिनीवर शिंपल्यांनी आखलाय, तेच जन्मघर का यावरही अभ्यासकांचं एकमत नाही. तुम्ही असता तर तिथल्या रेंजरला तासभर सोडला नसतात!

पण मला सगळ्यात भिडला तो रॉबर्ट कार्टर तिसरा. नोमिनी हॉलचा जमीनदार, यांच्याच बरोबरीचा, शेकडो गुलाम बाळगणारा. 1791 मध्ये त्याने लेखी दस्त करून साडेचारशेच्या वर माणसं टप्प्याटप्प्याने मुक्त करायला घेतली. स्वतः जिवंत असताना, शेजारी जमीनदार चिडलेले असताना! वॉशिंग्टनने मृत्युपत्रात लिहून ठेवलं, म्हणजे आपल्या पश्चात. स्वातंत्र्य स्वातंत्र्य म्हणणाऱ्या बाकीच्यांच्या शेतात गुलामच राबत होते, ली कुटुंबाच्याही. आणि या कार्टरचं नाव शाळेतल्या पोरांना विचारा, माहीत नसतं. 250 च्या निमित्ताने एखादा पुतळा उभारायचाच तर माझं मत त्याला. नोमिनी हॉलही जळून गेलाय, तिथे बघायला फारसं काही नाही.

आई, आता तुझ्यासाठी. कोलोनियल बीच म्हणून गाव आहे, लोक गोल्फकार्ट घेऊन रस्त्यावर भाजी आणायला जातात. निळ्या कुर्ल्या खाल्ल्या, वाफवून वर लाल मसाला भुरभुरवतात, बरा लागतो पण तुझ्या वाटपाची सर नाही. कालवंही मिळतात. या कालवांवरून नदीत व्हर्जिनिया नि मेरिलँडवाल्यांची कित्येक वर्षं मारामारी, अगदी बंदुका चालल्या. आणि गंमत म्हणजे नदी मेरिलँडची, काठ व्हर्जिनियाचा, म्हणून 1950 च्या दशकात इथल्या लोकांनी पाण्यात धक्के बांधून त्यावर जुगाराची मशिनं लावली, कारण जुगार मेरिलँडात चालायचा, व्हर्जिनियात बंदी! धक्क्यावर चढलं की राज्य बदललं. 1958 ला मेरिलँडने बंद केलं ते.

ओवीला मात्र यातलं काही नको, तिला स्टेट पार्कच्या किनाऱ्यावर शार्कचे दात शोधायचे होते. कोट्यवधी वर्षांपूर्वी तिथे समुद्र होता, कडे ढासळतात तसे दात वाळूत येतात. तिला बारके बरेच मिळाले, एक आजोबांसाठी वेगळा ठेवलाय.

आप्पा, व्हिसाचे कागद झाले की कळवा. उन्हाळ्यात नको, डास फोडून काढतात. ऑक्टोबरात या, कार्टरच्या गावाला आपण दोघेच जाऊ.

तुमचा,
सुहास