‘१-०-१’ लिहू नका, घड्याळाची वेळ लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मधुमेह, संधिवात, दमा, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार वर्षानुवर्षे सोबत असलेला माणूस ‘रात्री झोप लागत नाही’ म्हणाला, की त्याला ठरलेली दोन उत्तरे मिळतात. घरचे म्हणतात, फार विचार करू नका. मेडिकलवाला झोपेच्या गोळीची पट्टी काढून देतो. चालू असलेली औषधे तो नेमकी किती वाजता घेतो आणि रात्री नेमके कशाने जागा होतो, हे मात्र कोणीच विचारत नाही. दीर्घ आजारात झोप बिघडण्याचे कारण बहुतेक वेळा या दोन प्रश्नांतच सापडते. म्हणून हे पत्र.

आधी औषधांच्या वेळा. चिठ्ठीवर ‘१-०-१’ लिहिलेले असते. घरोघरी त्याचा अर्थ जेवणाशी जोडला जातो: एक गोळी न्याहारीनंतर, एक रात्रीच्या जेवणानंतर. आपल्याकडे रात्रीची पाने नऊ-साडेनऊला वाढली जातात, म्हणजे दुसरी गोळी पोटात जाते दहाच्या सुमारास. पुष्कळ औषधांना ते चालते. काहींना मुळीच चालत नाही.

संधिवात, दमा आणि त्वचेच्या आजारांत दिले जाणारे प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड त्यातले पहिले. शरीरात आपोआप तयार होणारे याच जातीचे संप्रेरक, कॉर्टिसॉल, पहाटेपासून वाढते, सकाळी सर्वाधिक असते आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जाते. रात्री दहाला स्टेरॉइड घेतले, तर शरीराला झोपायच्या वेळी सकाळ झाल्याचा निरोप मिळतो. ही गोळी सकाळी आठ-नऊच्या आत, काहीतरी खाऊन घ्यायची असते. दिवसातून दोनदा लिहून दिली असेल, तर दुसरा डोस दुपारी दोनपर्यंत घेतलेला चालेल का, हे डॉक्टरांना विचारावे. डिफ्लाझाकॉर्ट आणि मेथिलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडांनाही हेच लागू. मात्र झोप येत नाही म्हणून स्टेरॉइड स्वतःहून एकदम बंद करू नये. बरेच दिवस घेतलेले स्टेरॉइड अचानक थांबवले तर रक्तदाब कोसळून जीवावर बेतू शकते.

दुसरे औषध म्हणजे लघवी वाढवणारी गोळी. फ्युरोसेमाइड तोंडावाटे घेतल्यावर तासाभरात काम सुरू करते आणि सहा ते आठ तास करत राहते. रात्री नऊला घेतली तर पहाटे तीनपर्यंत फेऱ्या ठरलेल्याच. दुसरा डोस दुपारी दोन ते चारच्या दरम्यान बसवता येतो. येथे रक्तदाबाच्या गोळीकडेही पाहावे. तिच्या नावापुढे ‘एच’ किंवा ‘सीटी’ अशी अक्षरे असतील, तर त्यात बहुधा हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा क्लोरथॅलिडोन हे लघवी वाढवणारे औषध मिसळलेले असते. रक्तदाबाची गोळी रात्रीच घेतली पाहिजे असा समज मध्यंतरी फार पसरला होता. ब्रिटनमधील ‘टाइम’ या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ साली आले. सकाळी गोळी घेणारे आणि संध्याकाळी घेणारे यांच्यात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात वा मृत्यूच्या प्रमाणात फरक आढळला नाही. तेव्हा ज्यांना रात्री त्रास होतो त्यांनी डॉक्टरांना विचारून ही गोळी सकाळी घ्यायला हरकत नसावी.

मधुमेहाची डापाग्लिफ्लोझिनसारखी औषधे साखर लघवीतून बाहेर काढतात. त्यांची जागाही सकाळीच. दम्यासाठीचे थिओफायलीन चहातल्या कॅफीनच्या कुळातले आहे. काही दमेकऱ्यांना ते मुद्दाम रात्री दिलेले असते, म्हणून ते परस्पर हलवू नये, पण झोप उडते हे डॉक्टरांना सांगावे. नैराश्यावरचे फ्लुऑक्झेटिन सकाळी. रक्तदाब-हृदयविकारावरचे मेटोप्रोलोल किंवा प्रोप्रानोलोल सुरू झाल्यापासून विचित्र स्वप्ने पडत असतील, तर तेही सांगावे.

डॉक्टरांना आमची विनंती एवढीच, की ‘१-०-१’ ऐवजी ‘सकाळी ८, दुपारी २’ असे लिहा. रुग्णालयातून घरी पाठवताना दिल्या जाणाऱ्या कार्डावर तर हे हवेच, कारण ते कार्ड पुढे महिनोन्‌महिने तसेच वापरले जाते. औषध दुकानदारांनीही पाकिटावर पेनाने वेळ लिहून द्यावी. त्याला पाच सेकंद लागतात.

आता जाग कशाने येते ते. सर्वाधिक तक्रार लघवीला उठावे लागण्याची, आणि त्यावर पुरुषाला लगेच ‘प्रोस्टेट असेल’ असे सांगून गप्प केले जाते. त्यापेक्षा तीन दिवस मोजमाप करावे. मापाच्या खुणा असलेला प्लास्टिकचा जग न्हाणीघरात ठेवावा, प्रत्येक वेळी किती मिलिलिटर झाली आणि किती वाजता, हे लिहावे. झोपल्यापासूनची आणि सकाळी उठल्यावरची पहिली अशी लघवी मिळून चोवीस तासांच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त भरली, तर उतारवयात दोष मूत्राशयापेक्षा पाण्याच्या वाटणीचा असतो. दिवसभर पायांत साचलेले पाणी माणूस आडवा झाल्यावर रक्तात परत येते आणि मूत्रपिंड ते बाहेर टाकते. पाय सुजणाऱ्यांनी दुपारी चार-पाचच्या सुमारास तासभर पाय छातीच्या पातळीवर किंवा किंचित वर ठेवून पडावे, म्हणजे ते पाणी झोपण्याआधीच निघून जाते. हृदय अशक्त असेल तर ही सवय डॉक्टरांना विचारून लावावी, आणि पाय वर घेताच धाप लागली तर लगेच थांबावे. उलट प्रत्येक वेळी पन्नास-शंभर मिलिलिटरच होते आणि घाई मात्र अनावर असते, तेव्हा प्रोस्टेट, मूत्राशय किंवा जंतुसंसर्ग तपासावा लागतो. मधुमेहात तिसरी शक्यता असते. रक्तातील साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की ती लघवीत उतरते आणि पाणी ओढून नेते. अशा वेळी संध्याकाळनंतर पाणी तोडून उपयोग नाही, साखर आटोक्यात आणावी लागते.

इन्शुलिन, किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड या मधुमेहाच्या गोळ्या घेणारा माणूस घामाने भिजून, छाती धडधडत किंवा भयंकर स्वप्नाने दचकून उठत असेल, अथवा सकाळी डोके जड होऊन उठत असेल, तर काही रात्री तीन वाजता गजर लावून ग्लुकोमीटरने साखर पाहावी. ७० च्या खाली असेल तर सपाट तीन चमचे साखर, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, पाण्यात विरघळवून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये, रुग्णालय गाठावे. चॉकलेट-पेढ्याने वेळ जातो, कारण त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर हळू शोषली जाते. या प्रकाराला ‘झोपमोड’ समजून झोपेची गोळी दिली, तर साखर उतरल्याची जागच येणार नाही. केवढा धोका!

पायांच्या तक्रारी दोन वेगवेगळ्या असतात आणि सर्रास एकत्र केल्या जातात. तळव्यांची आग, टोचणे, मुंग्या, पांघरुणाचा स्पर्शही नकोसा होणे, ही नसांची इजा. मधुमेहात ती होतेच, शिवाय मेटफॉर्मिन बरीच वर्षे घेतल्याने बी-१२ कमी होऊनही होते, म्हणून ते तपासून घ्यावे. दुसरी तक्रार सांगायला कठीण. पोटऱ्यांत काहीतरी वळवळते, पाय हलवल्याशिवाय राहवत नाही, संध्याकाळनंतर आडवे झाले की सुरू होते आणि उठून चार पावले चालले की थांबते. डायलिसिसवरच्या रुग्णांत ही फार आढळते. यात लोहाची तपासणी महत्त्वाची. फेरिटिन, म्हणजे अंगातल्या लोहाच्या साठ्याचे माप, ७५ च्या खाली असेल तर या त्रासासाठी लोह देण्याचा विचार करतात, मात्र अनेक प्रयोगशाळांच्या अहवालात त्याहून बरेच खालचे आकडेही ‘नॉर्मल’ म्हणून छापून येतात आणि विषय तिथेच संपतो. मूत्रपिंडाच्या आजारात आणि अंगात दाह असताना फेरिटिन फसवे वाढलेले असू शकते. तेव्हा ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन ही रक्तातल्या लोहाची दुसरी तपासणीही पाहावी लागते. लोहाची गोळी चहासोबत घेतली तर अंगी लागत नाही. आणि सर्दीच्या, खाजेच्या झोप आणणाऱ्या गोळ्या किंवा उलटीवरचे मेटोक्लोप्रामाइड यांनी पायांची ही वळवळ वाढते. डायलिसिसच्या रुग्णाला खाज सुटते म्हणून दिलेली गोळी रात्रीच्या येरझाऱ्या वाढवते, असे त्यामुळे घडते.

श्वासाच्या बाबतीत हयगय नको. झोपल्यावर तास-दोन तासांनी गुदमरून जाग येणे, उठून बसल्यावर बरे वाटणे, दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढणे, ही हृदयावर ताण आल्याची लक्षणे आहेत. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. मोठ्याने घोरणारा माणूस मधेच काही सेकंद श्वास थांबवून मग फुस्सकन घेत असेल, दिवसा बसल्या जागी पेंगत असेल, तीन-तीन गोळ्यांनीही रक्तदाब उतरत नसेल, तर झोपेतील श्वासरोधाची तपासणी करून घ्यावी. तिच्यानंतर सुचवलेले सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारे यंत्र, पुष्कळ जण पहिल्याच आठवड्यात कपाटात ठेवतात. कारण बहुधा मास्क. हवा गळते म्हणून पट्टे आवळले जातात, आवळल्याने मास्कची गादी दुमडते, गळती आणखी वाढते आणि नाकावर व्रण पडतो. मास्क बसून नव्हे, आडवे होऊन आणि यंत्र चालू ठेवून बसवावा. दिवसा टीव्ही पाहताना तासभर लावून सवय करावी. नाक कोरडे पडले तर हवा दमट करणारा ह्युमिडिफायर वापरावा आणि त्यातले पाणी रोज बदलावे.

रात्री घशाशी आंबट येणाऱ्यांनी उशांवर उशा रचू नयेत. त्याने कमरेत वाकून पोटावर दाब पडतो. पलंगाच्या डोक्याकडील दोन्ही पायांखाली विटा ठेवून ती बाजू सहा ते आठ इंच उचलावी, डाव्या कुशीवर झोपावे, जेवण झोपेच्या तीन तास आधी उरकावे. सांधेदुखीत कुशीवर झोपताना गुडघ्यांच्या मध्ये उशी घ्यावी.

एवढे सगळे नीट करूनही झोप येत नाही, असे पुष्कळांचे होते, कारण आजारपणात अंथरुणाचा आणि जागे राहण्याचा संबंध पक्का होतो. यावर औषधाशिवायचा जो वर्तनोपचार आहे, तो निद्रानाशात सर्वांत आधी द्यावा अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ सालीच केली आहे. त्यातला कणा असा. दोन आठवडे रोज सकाळी लिहायचे: किती वाजता आडवे झालो, अंदाजे किती वाजता झोप लागली, किती वेळा उठलो, शेवटचे कधी उठलो. समजा साडेनऊ ते साडेसहा असे नऊ तास अंथरुणात जातात आणि झोप मिळते सहाच तास. मग अंथरुणातला वेळ सहा तासच ठेवायचा: बाराला झोपायचे, सहाला उठायचे, रात्र कशीही गेली तरी. आठवडाभरात त्यातला ८५ टक्के वेळ, म्हणजे पाच तासांहून थोडा जास्त, झोपेत जाऊ लागला की निजायची वेळ पंधरा मिनिटे अलीकडे आणायची. साडेपाच तासांच्या खाली मात्र उतरू नये. पहिला आठवडा जड जातो, दिवसा झापड येते. म्हणूनच फिट येणाऱ्यांनी, उन्माद-नैराश्याचा आजार असणाऱ्यांनी, वाहन किंवा यंत्र चालवणाऱ्यांनी हे स्वतःच्या मनाने करू नये.

‘पलंग फक्त झोपेसाठी’ हा सल्ला एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबाला कसा पाळता येणार? तिथे पलंगच दिवसाचा सोफा असतो. त्याला मार्ग आहे. सकाळी उशी-पांघरूण गुंडाळून नजरेआड ठेवावे, वेगळी चादर घालावी, दिवसा भिंतीला लोड लावून पाय खाली सोडून बसावे आणि रात्रीच डोके ठेवण्याच्या बाजूला पडावे. रात्री वीसएक मिनिटे कूस बदलण्यात गेली असे वाटले, की घड्याळ न पाहता उठून खुर्चीत बसावे, डोळे मिटायला लागले की परतावे. ज्यांना उठणे शक्य नाही त्यांना पाठीला आधार देऊन बसवले तरी चालते. दीर्घ आजाराचा थकवा खरा असतो, म्हणून वामकुक्षी सोडा असे आम्ही म्हणणार नाही. ती तीनच्या आत आणि अर्ध्या तासाच्या आत असावी. चहातले निम्मे कॅफीन उतरायला साधारण पाच तास लागतात, म्हणून पाचचा चहा सोडणे मात्र भाग आहे.

राहिली झोपेची गोळी. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोलपिडेम ही औषधे ‘एच-१’ या, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या, अनुसूचीत आहेत. १ मार्च २०१४ पासून लागू असलेल्या नियमानुसार दुकानदाराने डॉक्टरचे नाव, रुग्णाचे नाव, औषध आणि नग स्वतंत्र वहीत नोंदवून ती वही तीन वर्षे ठेवायची असते. या गोळ्यांचा गुण काही आठवड्यांत ओसरतो, पण सोडणे अवघड होते. वयस्कर माणूस रात्री उठताना तोल जाऊन पडतो आणि खुब्याचे हाड मोडते. फुप्फुसांचा आजार, श्वासरोध किंवा ट्रामाडोलसारखी वेदनाशामके चालू असताना श्वास मंदावतो. जे वर्षानुवर्षे घेत आहेत त्यांनी हे वाचून एका रात्रीत गोळी बंद करू नये, कारण त्याने फिट येऊ शकते. अल्प्राझोलामचे अर्धे मिलिग्रॅम घेणाऱ्याला डॉक्टरांच्या देखरेखीखाली ०.२५ च्या दोन गोळ्यांवरून दीड, एक, अर्धी असे, प्रत्येक पायरीवर किमान दोन आठवडे थांबून उतरता येते. ‘एसआर’ लिहिलेली, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी तोडायची नसते. झोपेसोबत जगण्याची इच्छाच सरत असेल, तर ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

अन्न व औषध प्रशासनाने दुकानांच्या तपासणीत ही ‘एच-१’ची वही घाऊक खरेदीच्या बिलांशी ताडून पाहावी, आणि विकलेल्या पट्ट्या व नोंदी यांत जिथे तफावत आढळेल तिथे कारवाई करावी, अशी आमची मागणी आहे.

आपले,
दीर्घ आजारांच्या रुग्णसेवेतील परिचारिका व औषधनिर्माते,
कोल्हापूर