पाठ कर म्हणता, पण कसं ते कोण शिकवणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परीक्षा तोंडावर आल्या की आमच्या देवगडकडच्या वाडीत घराघरातून एकच ऐकू येतं, पाठ कर, पाठ कर. पण पाठ करायचं कसं हे पोरांना कुणीच शिकवत नाही हो, ना शाळेत ना क्लासमध्ये, आणि आपल्यालाही कुणी शिकवलं नव्हतं, म्हणून हे पत्र लिहितेय.

माझी भाची सातवीत आहे. तिला क्लासमध्ये सांगितलंय प्रत्येक उत्तर दहा वेळा वाचा. बिचारी वाचते, रात्री म्हणते मावशी सगळं आलं, आणि सकाळी विचारलं तर तपांबरच्या पुढे गाडी जात नाही. वातावरणाचे थर होते, तपांबर, स्थितांबर, मध्यांबर, आयनांबर, बाह्यांबर. वर आईचा धपाटा. मला फार वाईट वाटलं कारण पोरीने मेहनत कमी केली नव्हती.

मग तिला म्हटलं पुस्तक मिट, आपण घरातून एक फेरी मारू. खळ्यात तुळशीपाशी ऋषी तप करत बसलाय आणि त्याच्यावर पाऊस कोसळतोय, ते तपांबर, कारण ढग पाऊस सगळं त्याच थरात होतं. ओटीवर झोपाळा एकदम स्थिर, त्यावर उन्हासाठी छत्री उघडून ठेवलीय, ते स्थितांबर आणि छत्री म्हणजे ओझोन. माजघर म्हणजे मध्यांबर. आतल्या खोलीत आयना टांगलाय तिथे आयनांबर, आणि मागीलदारी बाहेर पडलो की बाह्यांबर. पाच मिनिटं लागली असतील. दुसऱ्या दिवशी तिने डोळे मिटून सुलट सांगितले, आणि मग मागीलदाराकडून आत येत येत उलटही सांगितले.

ही युक्ती काही माझी नाही, फार जुनी आहे. ग्रीक कवी सिमोनिडीसची कथा सांगतात, मेजवानीतून तो बाहेर आला आणि मागे छत कोसळलं, मग कोण कुठे बसलं होतं ते आठवून त्याने ढिगाऱ्याखालची माणसं ओळखून दिली. पुढे रोमन वक्ते भाषणातले मुद्दे असेच एकेका जागी ठेवून लक्षात ठेवायचे. सुटे शब्द आपल्या डोक्यात टिकत नाहीत पण जागा आणि चित्र टिकतं. आपण लहानपणी तानापिहिनिपाजा म्हणत इंद्रधनुष्याचे रंग शिकलो तेही त्याच जातीचं, सात सुट्या गोष्टींचं एक गाठोडं.

आणि आपल्या किनाऱ्यावर तर हे आधीपासून आहेच. शेजारचे तांडेल आजोबा कधी पंचांगातली तिथी विचारतात आणि लगेच म्हणतात, "पंचमी ना, पावणेचाराक भरती." तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, आणि त्यात सहा तास मिळवले की सुकती, म्हणजे ओहोटी. शाळा चौथीपर्यंत, पण पाऊणकीचा पाढा तोंडपाठ, म्हणून महिन्याभराच्या भरत्या डोक्यात. पाठांतर बंदच करा म्हणणाऱ्यांना माझं हेच सांगणं आहे, पाढा वाईट नाही, तो कशालाच न जोडता नुसता घोकून घेणं वाईट.

आता दहा वेळा वाचण्याबद्दल. 2006 साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलांवर प्रयोग केला, काहींनी उतारा परत परत वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी टेस्ट घेतली तर परत वाचणारे पुढे, पण आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. म्हणजे भाची रात्री "सगळं आलं" म्हणते ते खोटं नसतं, तेव्हा खरंच आलेलं असतं, फक्त राहत नाही. आणि एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने तर 1885 मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की विसरणं सुरुवातीलाच सगळ्यात जोरात होतं, नंतर हळू. म्हणून रिव्हिजन परीक्षेच्या आदल्या रात्री नको, आज शिकलं की उद्या, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, आणि दर वेळी पुस्तक मिटून.

एक मात्र आहे, चित्रं लावून थरांची नावं येतील, तपांबरात वर जाताना हवा थंड का होत जाते ते त्याने कळणार नाही, ते समजावूनच सांगावं लागतं. पण नावंच आठवत नसतील तर पोरगं "का" विचारायला हातच वर करत नाही, हे मी घरात बघितलंय.

तेव्हा विनंती अशी की परीक्षेच्या दिवसात तुम्ही प्रश्नपत्रिकांचे नमुने छापता ना, त्याच पानावर रोज एक चौकट लक्षात ठेवण्याच्या युक्त्यांसाठी द्या, आणि जुन्या माणसांकडूनही मागवा. तांडेल आजोबांचा पंधराही तिथींचा हिशोब मी वहीत उतरवून घेतलाय, सांगितलंत तर लगेच पाठवते.

आपली,
एक वाचक, ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग