रेझिनचा पार्ट आणि आमच्याकडचा पाऊस

मा. संपादक साहेब, नमस्कार.

थ्रीडी प्रिंटिंगवर तुमच्या पुरवणीत आलेला लेख वाचला, चांगला होता, पण रेझिनचे (म्हणजे यूव्ही प्रकाशाने घट्ट होणाऱ्या पातळ प्लास्टिकचे) पार्ट वॉटरप्रूफ असतात असं एका ओळीत उरकलंय ते काही पटलं नाही. आमच्या बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत पंपवाले, हायड्रॉलिकवाले हल्ली पॅटर्न (ओतकामाचा नमुना) करायच्या आधी सँपल रेझिनमध्ये काढून बघतात, पैसे वाचतात, ते सगळं खरं.

फिलामेंटच्या (प्लास्टिकची तार वितळवून थर चढवलेल्या) पार्टला थराथरात फटी राहतात तशा रेझिनला राहत नाहीत, त्यामुळे पाणी आरपार जात नाही हेही खरं. पण ते पाणी शोषतं त्याचं काय? डेटाशीट उघडा, २४ तासांत किती पाणी पितो तो आकडा बहुतेक असतोच. पाणी प्यायला की पार्ट फुगतो, पातळ भिंत वाकते आणि झाकण बसेनासं होतं. पाण्याने धुवायचं रेझिन तर यात सगळ्यात वाईट. आणि आयपी ६७ ची, म्हणजे पाणी-धूळ आत न शिरण्याच्या रेटिंगची, पाण्याची टेस्ट म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं, त्यात हे कुठलं कळायला! खानापूर-जांबोटीकडं शेतातल्या स्टार्टरचा बॉक्स जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिजतो.

फौंड्रीवाले (ओतकामवाले) लगेच म्हणतात इम्प्रेग्नेशन करून टाकू, म्हणजे बारीक भोकांत सीलंट भरू, पण ते भोकं बुजवायला, इथं भोकंच नाहीत, इथं वरून कातडी चढवायला पाहिजे. पार्ट आयपीएमध्ये (आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये) नीट धुवायचा, पूर्ण वाळवायचा, मग यूव्ही प्रकाशात पक्का क्युअर (कडक) करायचा, हलकं पॉलिश पेपर मारून गाडीच्या पेंटवाल्याकडचा टू-के पीयू क्लिअर (हार्डनर मिसळून मारायचा पारदर्शक पॉलियुरेथेन कोट) आतून-बाहेरून दोन्हीकडं. चिकट राहिलेल्या पार्टवर मारलात तर कोट सोलून निघणार. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुफ्फुसाला घातक, साधा रुमाल बांधून स्प्रे करू नका, पोरं करतात म्हणून सांगतोय. आणखी एक, कोट ५० मायक्रॉन चढला की बोअर (भोकाचा व्यास) ०.१ मिमीने कमी होतो, त्यामुळे ड्रॉइंगमध्येच तेवढी जागा सोडा, ओ-रिंगची (गळती थांबवणाऱ्या रबरी रिंगची) खाच टेपने झाका.

पुढच्या वेळी कुणाचं प्रोजेक्ट छापाल तर आठवडाभर पाण्यात ठेवून वजन केलं का एवढं विचारा, सोनाराच्या काट्यावर सुद्धा होतं. वजन भराभर वाढत राहिलं तर कोट कुठंतरी सुटला असणार, बहुतेक स्क्रूच्या भोकात.

आपला,
एक वर्कशॉपवाला, उद्यमबाग, बेळगाव